मसाज थेरपिस्ट होताना: कळवा ते कोपरखैरणे, दहा महिने

मार्च २०२४ च्या शेवटी ऐरोलीतल्या आमच्या ऑफिसने आमचा विभाग बंद केला. अकरा वर्षं मी तिथे बॅक ऑफिसला होते. हातात तीन महिन्यांचा पगार आला. वय ३९, मुलगी नववीत, कळव्यातल्या घराचे हप्ते चालू. मधल्या वयात असाच रस्ता बदलायचा आहे, पण मसाज थेरपीचं शिक्षण नेमकं कसं असतं, पैसे किती लागतात, घरी काय सांगायचं हे ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मला तेव्हा असं काही मराठीत वाचायला मिळालं असतं तर निदान दोन महिने वाचले असते.

मालीश माझ्या घरात नवीन नव्हती. माझी आत्या खारेगावात पस्तीस वर्षं बाळ-बाळंतिणींची मालीश करते आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्यासोबत तेलाची वाटी धरायला जायचे. आत्या घरात शिरली की आधी दारातच विचारायची: रात्री ताप होता का, टाके सुकले का, बाळाला जुलाब नाहीत ना? उत्तर पटलं नाही तर "आज नको, उद्या बघू" म्हणून परत फिरायची. त्या दिवसाचे पैसे बुडायचे. मला वाटायचं, एवढं चालत आलोच आहोत तर लावावं की थोडं तेल. तिच्या त्या प्रश्नांची किंमत कळायला मला तीस वर्षं लागली.

एप्रिलमध्ये मी घरी विषय काढला. नवरा दोन दिवस काहीच बोलला नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, चांगलं शिकलेली तू, मसाज करणार? लोकांना काय सांगायचं आम्ही?" त्यांना राग नव्हता, भीती होती. घोडबंदर रोडवरच्या मसाज पार्लरच्या पाट्या त्यांनीही वाचल्या होत्या आणि छाप्यांच्या बातम्याही. मी वाद घातला नाही. केंद्र बघायला गेले तेव्हा त्यांनाच सोबत नेलं. भिंतीवर सांगाड्याचा तक्ता, फळ्यावर स्नायूंची नावं, मुलं-मुली वह्या घेऊन बसलेली असं सगळं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. परत येताना ट्रेनमध्ये म्हणाल्या, "हे तर शाळेसारखंच आहे." तुमच्या घरी विरोध असेल तर समजावत बसण्यापेक्षा एकदा वर्ग दाखवा.

कोर्स शोधण्यात एप्रिल आणि मे गेले. पर्यायांची माझ्या डोक्यात पूर्ण खिचडी झाली होती, म्हणून ती इथे सोडवून ठेवते. फिजिओथेरपी ही वेगळी वाट आहे. बारावी सायन्स, नीट, मग पदवी, २०२४ मध्ये ती साडेचार वर्षांची होती. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात फिजिओथेरपिस्टचा आरोग्य व्यावसायिक म्हणून समावेश आहे. मसाज थेरपिस्टला असं स्थान नाही, आपल्यासाठी वेगळी नोंदणी परिषदही नाही. म्हणून आपण "उपचार करतो", "स्लिप डिस्क बरी करतो" असं म्हणायचं नाही, लिहायचंही नाही. दुसरी वाट पंचकर्म सहायकाची. तिथे वैद्यांच्या हाताखाली काम. तिसरी स्पा थेरपिस्टची. तिचं प्रमाणपत्र ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलच्या परीक्षेतून मिळतं. सिडेस्को आणि आयटेक हे परदेशात चालणारे डिप्लोमा आहेत, पण मी विचारलं तिथली फी लाखाच्या वर होती. बोटीवर किंवा आखातात काम करायचं असेल तर त्यांचा विचार करा. मला कळव्यातच राहायचं होतं.

मी सहा केंद्रांत फोन केले, चार बघितली. एका ठिकाणी "पंधरा दिवसांत थेरपिस्ट, नोकरीची हमी" होती. दुसऱ्या ठिकाणी फी भरल्याशिवाय वर्ग बघू देईनात. शेवटी निवडलं ते कोपरखैरण्यातलं एक छोटं केंद्र. सहा महिने, आठवड्यातून चार दिवस, सकाळी दहा ते दोन. फी ४६,००० रुपये, तीन हप्त्यांत. परीक्षेची फी धरलेली होती, गणवेश, वही-पुस्तक आणि तेल मिळून आणखी ४,२०० गेले. केंद्र बघायला जाल तेव्हा चार गोष्टी नक्की विचारा: शरीररचना कोण शिकवतं आणि त्यांचं शिक्षण काय, एका टेबलामागे किती विद्यार्थी, सरावाचे तास नोंदवहीत लिहिले जातात का, आणि परीक्षा बाहेरचा परीक्षक घेतो का. आमच्या बाई आयुर्वेदाच्या पदवीधर होत्या. चौदा विद्यार्थ्यांना पाच टेबलं होती. तेवढ्यावर मी ठरवलं.

प्रवेशाला आधार, पॅन, दहावीची गुणपत्रिका, फोटो आणि एमबीबीएस डॉक्टरांचा फिटनेस दाखला लागला. दाखल्याचे ३०० रुपये झाले. अडलं ते नावावर. दहावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या. प्रमाणपत्रावर आधारवरचंच नाव येणार, असं केंद्रातून सांगितलं. विवाह नोंदणीचा दाखला होता, पण त्यावर माझ्या वडिलांच्या नावातली वेलांटी चुकलेली. शेवटी ठाण्यात १०० रुपयांच्या मुद्रांकावर "या दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असं प्रतिज्ञापत्र करून नोटरीकडून घेतलं. टायपिंग आणि नोटरी धरून ४५० रुपये आणि दोन फेऱ्या. (ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० च्या मुद्रांकाच्या जागी ५०० चा आला, त्यामुळे आता खर्चाचा अंदाज वेगळा धरा.) आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, हेही आधीच बघून ठेवा. माझ्या वर्गातल्या एकीचा नंबर बंद पडला होता. ओटीपी येईना म्हणून तिची नोंदणी तीन आठवडे लटकली.

१८ जून २०२४ ला वर्ग सुरू झाला. कळव्याहून धीम्या गाडीने ठाणे, तिथे पूल ओलांडून नऊ-दहा नंबरच्या फलाटावर, मग वाशीची गाडी: दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे. पहिले काही दिवस ऐरोली आलं की पाय आपोआप दाराकडे वळायचे. अकरा वर्षांची सवय होती ती. खिडकीतून जुन्या ऑफिसची इमारत दिसली की पोटात खड्डा पडायचा.

पहिले तीन आठवडे आम्ही कोणाच्या अंगाला हात लावला नाही. हाडं, स्नायू, रक्ताभिसरण, त्वचेचे आजार, स्वच्छता. मी कॉमर्सची, त्यामुळे गॅस्ट्रोक्निमियस (पोटरीचा स्नायू) आणि रॉम्बॉइड (पाठीचा) ही नावं तोंडात बसेनात. बाईंनी एक युक्ती सांगितली आणि ती कामी आली: नावं पाठ करू नका, अंगावर काढा. आम्ही काजळपेन्सिलीने एकमेकींच्या पाठीवर ट्रॅपेझियस काढला, मानेपासून दोन्ही खांद्यांकडे आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत उतरणारा, पतंगाच्या आकाराचा. तेव्हा समजलं की अकरा वर्षं माऊस धरून माझा नेमका हाच स्नायू दुखत होता. घरी मुलीला पोटरी ताणायला सांगून मी गॅस्ट्रोक्निमियसची दोन डोकी शोधायचे. तिचाही जीवशास्त्राचा अभ्यास झाला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात टेबलवर सराव सुरू झाला आणि तो एकमेकांवरच. याचा ताण फार जणांना येतो, मलाही आला. अनोळखी माणसांसमोर पाठ उघडी करून पालथं झोपायचं म्हणजे काय, ते आधी स्वतः झोपून कळतं. चादर कशी धरायची, जो भाग चोळायचा तेवढाच कसा उघडायचा, कूस बदलताना चादर वर उचलून नजर बाजूला कशी ठेवायची, हे आम्ही आठवडाभर तेल न लावता केलं. बायकांच्या सरावाला बायका आणि पुरुषांच्या सरावाला पुरुष, हा आमच्या केंद्राचा नियम होता. तिथे मला पहिल्यांदा जाणवलं की चादर नीट खोचली गेली की अंग आपोआप सैल पडतं. तेलाचं काम त्यानंतरचं.

तंत्र सांगायचं तर स्वीडिश मसाजच्या पाच हालचाली पायाभूत: लांब सरकता हात, मळणं, घर्षण, थोपटणं आणि कंप. नाव स्वीडिश असलं तरी हालचालींची नावं फ्रेंच आहेत, एफ्लुराज, पेट्रिसाज वगैरे, आणि त्यांची घडी बसवण्याचं बरंचसं श्रेय मेझगर नावाच्या डच डॉक्टरांना देतात. हाताचा ओघ हृदयाच्या दिशेने. पाठीच्या कण्यावर थेट दाब नाही, गुडघ्याच्या मागच्या खळग्यात नाही, गळ्याच्या पुढच्या बाजूला आणि काखेत नाही, शेवटच्या बरगड्यांखाली मूत्रपिंडाच्या जागी ठोकणं नाही. हे "नाही" आमच्याकडून रोज वर्गाच्या सुरुवातीला म्हणून घेत.

मळण्याची हालचाल मला लवकर जमेल असं वाटलं होतं, रोज दोन वेळा कणीक मळणारा हात. पण कणीक मळताना आपण मनगट आणि अंगठा वापरतो, त्याच सवयीने मी टेबलवर काम करत राहिले. ऑगस्टच्या मध्यावर उजव्या अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ यायला लागली की कुकरचं झाकण लागेना. डॉक्टरांनी दहा दिवस विश्रांती सांगितली, पट्टा दिला. चार वर्ग बुडले. घरात बसून मी खूप रडले. फीचे दोन हप्ते गेले होते आणि ज्यांच्यावर पोट भरायचं ते हात पहिल्या दोन महिन्यांतच थकले होते.

परत गेले तेव्हा बाईंनी आधी माझं उभं राहणं सुधारलं. टेबलाशेजारी सरळ उभं राहून हात खाली सोडायचे, मुठीची हाडं टेबलाच्या पृष्ठभागाला टेकली पाहिजेत, ती तुमच्या टेबलाची उंची. माझं टेबल चार बोटं उंच होतं, म्हणून मी खांद्याने ढकलत होते. एक पाय पुढे, गुडघा किंचित वाकवलेला, आणि जोर हाताने लावायचा नाही, आपलं वजन पुढे झुकवायचं. अंगठ्याच्या जागी शक्य तिथे तळहात आणि कोपराखालचा हात वापरायचा. हे अंगात मुरायला महिना लागला. कोणी नवीन शिकत असेल तर मी हात जोडून सांगेन, अंगठा दुखायला लागला की त्याच दिवशी शिक्षकांना सांगा. मी तीन आठवडे लपवलं होतं.

गणपती झाल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी, बाहेरच्या माणसांवरचा सराव सुरू झाला. साठ सत्रं करायची, प्रत्येकाची नोंद आणि सही. नातेवाईक, शेजारीपाजारी, मुलीच्या मैत्रिणींच्या आया, सगळ्यांना विचारून झालं. फुकट आहे म्हटल्यावर माणसं मिळतात, पण वेळ पाळत नाहीत. म्हणून मी तेलाचे ५० रुपये घ्यायला लागले. मग मात्र सगळ्या वेळेवर यायला लागल्या.

आमच्याच मजल्यावरचे एक काका आहेत, सत्तरीचे, मला मुलीसारखं मानतात. ऑक्टोबरमध्ये त्यांनी पाय दुखतात म्हणून विचारलं. मी माहितीचा फॉर्म काढला. छापील, इंग्रजीतला, केंद्राने दिलेला. "काका, काही आजार आहे का?" म्हणाले, "छे, ठणठणीत." मी खूण केली आणि पोटऱ्यांवर नेहमीच्या दाबाने पाऊण तास काम केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी बोलावलं. काकांच्या दोन्ही पोटऱ्यांवर रुपयाएवढे काळे-निळे डाग. चार वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज चालू होती. त्यांच्या लेखी तो आजार नव्हता, तो "झालेला" होता.

मी तशीच दारात उभी राहिले. मग बाईंना फोन केला. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, लपवू नकोस, त्यांच्या डॉक्टरांना आजच दाखवा, आणि काय काय केलंस ते स्वतः सांग. मी काका-काकूंसोबत दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पाय तपासले, काळजीचं कारण नाही म्हणाले, पण गोळी चालू असेपर्यंत दाबून मालीश नको असं बजावलं. डाग जायला बारा दिवस लागले. तेवढे दिवस मी रोज संध्याकाळी त्यांचे पाय बघून यायचे. काकांनी एका शब्दाने दोष दिला नाही आणि त्याचंच मला जास्त लागलं.

त्याच आठवड्यात आत्याकडे गेले. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आजार विचारलास की माणूस नाहीच म्हणतो. बाळंतिणीला मी कधी आजार विचारत नाही. रात्री काय झालं ते विचारते." मी घरी येऊन फॉर्म मराठीत नव्याने लिहिला. "कोणता आजार आहे का" हा प्रश्न काढला. त्याजागी लिहिलं: रोज कुठल्या गोळ्या घेता? पाकीट दाखवाल का? गेल्या पाच वर्षांत दवाखान्यात कधी राहिलात? अंगावर कुठे लवकर डाग पडतात का? एकाच पायाला सूज आहे का? आज ताप, जुलाब, उलटी? शेंगदाणा, बदाम, तीळ यांपैकी काही सोसत नाही का? पाळी चुकली आहे का? "रक्त पातळ करणारी गोळी" असं विचारलं तर लोक गोंधळतात, "हार्टची गोळी" म्हटलं की लगेच आठवते. साठपैकी उरलेल्या सत्रांत मी हा फॉर्म वापरला. ज्यांनी आधी "काही नाही" म्हटलं होतं त्यांच्याकडेच थायरॉइड, साखर, बीपी, एकीला मणक्यातला स्क्रू, इतकं निघालं.

बाईंना फॉर्म दाखवला तेव्हा त्यांनी अष्टांगहृदय हा आयुर्वेदाचा जुना ग्रंथ काढला. अभ्यंग रोज करावा, म्हातारपण, थकवा आणि वात कमी होतो, हे वाग्भटांचं वचन सगळ्या स्पाच्या भिंतीवर असतं. पण त्याच्याच पुढे लिहिलं आहे की कफाने ग्रासलेल्याने, नुकतंच शोधन (पंचकर्माने शरीरशुद्धी) झालेल्याने आणि अजीर्ण झालेल्याने तो टाळावा. भिंतीवर ती ओळ कोणी लावत नाही, असं त्या म्हणाल्या. वर्गात माझा फॉर्म सगळ्यांना झेरॉक्स करून दिला. दोन रुपयांचा कागद, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी हे काम करू शकेन.

साठ सत्रं डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुरी झाली. परीक्षा आधी ६ जानेवारीला ठरली, मग परीक्षक मिळत नाहीत म्हणून २७ जानेवारी, शेवटी १० फेब्रुवारी २०२५ ला झाली. प्रत्येक वेळी मॉडेल म्हणून येणाऱ्या माझ्या जावेला रजा बदलून घ्यावी लागली. तुमचा मॉडेल लवचिक वेळेचा ठेवा. लेखी परीक्षा टॅबवर, पर्याय निवडायचे. हिंदीची सोय होती, पण हिंदीतले शास्त्रीय शब्द इंग्रजीपेक्षा अवघड वाटले, म्हणून मी इंग्रजीच घेतलं. प्रात्यक्षिकात आधी टेबल लावणं, हात धुणं, माहिती घेणं, मग मालीश. माहिती घेण्याला मी सात मिनिटं लावली. शेजारच्या मुलीचं तेल गरम करून झालं होतं तरी मी विचारतच होते. तोंडी परीक्षेत त्यांनी विचारलं: प्रवास करून आलेली बाई, एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखते आहे, चोळून द्या म्हणते. काय कराल? मी म्हटलं, हात लावणार नाही, रक्ताची गुठळी असू शकते, ताबडतोब डॉक्टरांकडे पाठवीन. परीक्षक पुढच्या प्रश्नाकडे वळले.

निकाल २० मार्चला आला, पास. प्रमाणपत्रावर क्यूआर कोड आहे, तो स्कॅन करून नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे ना ते बघून घ्या.

मधल्या काळात मी नोकऱ्या बघत होते आणि इथे थोडं स्पष्ट लिहायला हवं. "महिला थेरपिस्ट पाहिजे, अनुभव नको, पगार ४५,०००, राहण्याची सोय" अशा जाहिराती येतात. एका ठिकाणी मी मुलाखतीला गेले. कोणीच प्रमाणपत्राबद्दल विचारलं नाही, खोल्यांना आतून कडी होती, बाहेर दरपत्रक नव्हतं. मी पाणीही न पिता परत आले. दुसरी जागा चांगली दिसत होती, पण मूळ गुणपत्रिका "ठेव" म्हणून मागितली. मूळ कागद कोणाकडेही ठेवू नका, फक्त दाखवा. मुलाखतीला जाताना घरच्यांना पत्ता आणि लोकेशन पाठवा, आणि आत गेल्यावर आधी विचारा की ग्राहकाची माहिती कशी घेता. फॉर्म नसेल तर ती जागा आपली नाही.

एप्रिल २०२५ पासून मी घोडबंदर रोडवरच्या एका फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये आठवड्यातून चार दिवस जाते. डॉक्टर सांगतील तेवढंच आणि तिथेच. पगार १४,०००. कळवा-ठाणे गाडी, पुढे बस, आणि मेट्रोच्या कामामुळे कापूरबावडी ते कासारवडवली कधी वीस मिनिटं, कधी पाऊण तास. उरलेल्या दिवसांत खारेगाव, कळवा, ऐरोलीत घरी जाऊन करते. फक्त बायका, तासाचे ८०० रुपये, दिवसाला तीनच. जास्त घेतल्या की चौथीला हात नीट मिळत नाही. महिन्याला सगळं मिळून २४-२५ हजार पडतात. जुन्या पगारापेक्षा हे कमी आहे, पण आता मान दुखत नाही.

घरोघरी जाऊन करायच्या कामासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारची छोट्या व्यवसायांची नोंदणी, केली. ती ऑनलाइन होते, आधार-पॅन लागतं आणि पूर्ण मोफत आहे. पैसे मागणाऱ्या वेबसाइटींवर जाऊ नका. गुमास्त्याबद्दल (दुकान-आस्थापना नोंदणी) सगळे घाबरवतात, पण २०१७ च्या कायद्यानुसार कामगार थोडे असतील तर नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना देऊन पावती घ्यायची. घडीचं टेबल ११,५०० ला घेतलं. वजन पंधरा किलो, लोकलमध्ये शक्य नाही, रिक्षाच करावी लागते, तो खर्च दरात धरा. चादरी गडद रंगाच्या सुती घ्या आणि वापरल्या त्याच रात्री गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवा. दोन दिवस राहिल्या तर खवट तेलाचा वास कधीच जात नाही.

मे महिन्यात आत्याला म्हटलं, आता तू झोप, मी करते. पस्तीस वर्षं दुसऱ्यांची अंगं रगडून तिचे खांदे दगडासारखे झाले आहेत. कोणी तिला कधी तेल लावलेलं मला आठवत नाही. टेबल लावलं, कोमट तिळाचं तेल काढलं, आणि फॉर्म समोर धरला. "मला काय विचारतेस?" म्हणून हसली. तरी मी विचारलं, रोजच्या गोळ्या कुठल्या? बीपीची होती. पाकीट मागितलं. तारीख बघितली तर ते फेब्रुवारीत संपलं होतं, नवीन आणलंच नव्हतं. चक्कर येते का? "सकाळी थोडी येते, उन्हाची असेल." खालच्या मेडिकलवाल्याकडून बीपीचं यंत्र आणलं. दोनदा मोजलं. १८८ वर ११०.

मी तेलाची वाटी खाली ठेवली. "आज नको आत्या," म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग काही न बोलता उठून पदर सावरला. आम्ही त्याच पावली कळव्यातल्या तिच्या डॉक्टरांकडे गेलो. गोळी पुन्हा सुरू झाली आहे, दोन आठवड्यांनी परत मोजायचं आहे. पुढच्या बुधवारी दाखवायला जाऊ. आकडा उतरला असेल आणि डॉक्टर हो म्हणाले, तर संध्याकाळी टेबल लावीन.